लहान मुलाला घेऊन सुपे आणि भिगवण: प्राणी-पक्षी पाहण्याच्या सहलीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून स्वतःच्या गाडीने, साधारण दीड ते तीन वर्षांच्या मुलाला सोबत घेऊन, बारामती तालुक्यातील सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य आणि भिगवणजवळचा उजनी धरणाचा फुगवटा पाहण्याचा बेत करणाऱ्या कुटुंबांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. एक मुक्काम आणि दोन सकाळी एवढाच आवाका धरला आहे.

इतक्या लहान मुलाला प्राणी पाहायला नेण्यात काही अर्थ आहे का? मोठेपणी त्याला यातले काय आठवणार?

बहुधा काहीच आठवणार नाही आणि आठवावे म्हणून जाऊही नये. दोन वर्षांचे मूल चित्रांच्या पुस्तकात हरीण पाहते तेव्हा ते हरीण हलत नाही, त्याला वास नसतो आणि ते पळूनही जात नाही. खरे हरीण मान वर करते, कान फिरवते आणि आपल्याला आवडले नाही तर चालू लागते. हा फरक मुलाला त्या क्षणी नक्की कळतो आणि पुढचे कित्येक दिवस ते त्याविषयी स्वतःच्या भाषेत बोलत राहते. एवढा लाभ पुरेसा वाटत असेल तर जरूर जावे. केवळ छायाचित्रांसाठी जायचे असेल तर मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत थांबणे सर्वांच्याच सोयीचे ठरेल.

मग ताडोबा किंवा पेंचलाच का जाऊ नये? वाघ दिसला तर मुलाला जास्त आनंद होईल.

पुण्याहून ताडोबा सातशे किलोमीटरच्या पुढे आहे. तिथे सफारीची वेळ ठरलेली असते, पहाटे अंधारात निघावे लागते, उघड्या जिप्सीत तीन-साडेतीन तास बसावे लागते, मध्येच परत फिरायचे म्हटले तर सोबतच्या इतर पर्यटकांचा विचार करावा लागतो आणि ठरावीक जागा सोडल्यास गाडीतून उतरता येत नाही. वाघाच्या जंगलात बराच वेळ शांत बसून कानोसा घ्यायचा असतो, आणि नेमकी हीच गोष्ट दोन वर्षांच्या मुलाकडून होत नाही. शिवाय दाट झाडीत दूर कुठेतरी पट्टे दिसले, तर मोठ्यांना ते दिसतात; मुलाला मात्र बोट दाखवून, मान वळवून, शेवटी उचलून धरूनही ते दिसत नाहीत.

माळरानाचे तसे नाही. झाडी विरळ असते, गवत फार तर कमरेएवढे असते आणि प्राणी उजेडात, उघड्यावर चरत असतात. गाडी आपली असल्याने मूल रडू लागले तर दहा मिनिटांत बाहेर पडता येते. आमच्या मते तीन वर्षांखालील मुलासाठी या एकाच कारणावरून सुपे ताडोब्यापेक्षा सरस ठरते.

कोणत्या महिन्यात जावे?

जानेवारी आणि फेब्रुवारी. सुप्याला पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत केव्हाही जाता येते, परंतु भिगवणचे गणित पाण्याच्या पातळीवर चालते. भीमेवरील उजनी धरण पावसाळ्याअखेर भरलेले असते, तेव्हा फुगवट्याच्या काठाला उथळ जागा उरत नाही. पुढे शेतीला पाणी सुटू लागते, पातळी उतरते, चिखलाचे सपाट पट्टे उघडे पडतात आणि मग त्या चिखलात चरणारे रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गेलेल्यांना बऱ्याचदा पाणी भरपूर आणि रोहित मात्र नाहीत, असा अनुभव येतो. मार्चमध्ये पक्षी चांगले दिसतात, पण सकाळी दहानंतर ऊन बोचू लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे लहान मुलाला नेऊ नये.

थंडीतल्या पहाटे माळावर आणि पाण्यावर गारठा चांगलाच असतो. कानटोपी, पायमोजे आणि एकावर एक घालता येतील असे कपडे घ्यावेत, कारण सकाळी सात वाजता लागणारा स्वेटर साडेनऊला अंगावर नकोसा होतो.

सुप्याला नेमके काय दिसते आणि मुलाला ते कसे दाखवावे?

मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ अवघे ५.१४ चौरस किलोमीटर आहे आणि ते मुख्यतः चिंकाऱ्यांसाठी राखलेले आहे. खैर, हिवर, बाभूळ, बोर अशी काटेरी, विरळ झाडे आणि मधूनमधून गवताचे पट्टे, असा हा माळ आहे. उन्हाळ्यासाठी वनविभागाने पाणवठे बांधले आहेत आणि निरीक्षणासाठी मनोरेही आहेत. प्रवेशद्वारावर नोंद करून व शुल्क भरून आत जायचे असते. कोणता रस्ता खुला आहे आणि गाडी कुठपर्यंत नेता येईल हे तेथील वनकर्मचारी सांगतात, आणि त्यांचे म्हणणे शेवटचे मानावे.

चिंकारा हे लहान चणीचे हरीण आहे. खांद्याजवळ त्याची उंची साधारण ६५ सेंटिमीटर भरते आणि वजन वीस-पंचवीस किलोच्या आसपास असते. पाठ फिकट तांबूस, पोट पांढरे, त्यामुळे वाळलेल्या गवतात ते स्थिर उभे असेल तर मोठ्यांच्याही नजरेतून निसटते. त्याला शोधण्याची खूण म्हणजे त्याचे आखूड, काळे शेपूट, जे चरतानासुद्धा सारखे फडफडत असते. आधी मोठ्यांनी ते हलणारे काळे टोक हेरावे, गाडी सावकाश थांबवावी, इंजिन बंद करावे आणि मुलाच्या बाजूची काच प्राण्याकडे येईल अशी गाडी उभी करावी. काच अर्धी उघडी ठेवावी, पण चाइल्ड लॉक लावलेलेच असावे.

यानंतर काहीही बोलू नये. मोठी माणसे "ते बघ, ते बघ" म्हणत राहिली की मूल प्राण्याकडे न पाहता बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहते. अर्ध्या मिनिटात त्याची नजर आपोआप हलत्या गोष्टीवर जाते. चिंकाऱ्याला संशय आला तर तो पुढचा पाय जमिनीवर आपटतो आणि नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढतो. हा प्रकार मुलांना फार आवडतो आणि घरी आल्यावर त्याची नक्कल होते. परंतु प्राण्याच्या दृष्टीने तो इशारा असतो. पाय आपटला म्हणजे आपण जास्त जवळ आलो आहोत असे समजून तिथेच थांबावे.

चिंकाऱ्यात नर-मादी दोघांनाही शिंगे असतात, मादीची बारीक आणि आखूड असतात. ते एकेकटे किंवा दोन-चारांच्या गटात दिसतात, मोठा कळप अपेक्षू नये. याशिवाय ससा, मुंगूस, क्वचित खोकड आणि पुष्कळसे माळपक्षी दिसतात. टिटवी आणि कोतवाल रस्त्याच्या अगदी कडेला असतात, त्यामुळे मुलाच्या आवाक्यात येतात. लांडगाही या भागात आहे, पण त्याच्या दर्शनाचा भरवसा धरून जाऊ नये.

दुर्बीण मोठ्यांसाठी घ्यावी. तीन वर्षांखालच्या मुलाला दोन्ही डोळ्यांनी दुर्बिणीतून पाहणे जमत नाही आणि ते न जमल्याने चिडचिड होते.

दोन दिवसांचे वेळापत्रक कसे आखावे?

मुलाच्या झोपेभोवती. ही सहल बिघडते ती प्राणी न दिसल्याने नव्हे, तर दुपारची झोप मोडल्याने. म्हणून आधी मुलाच्या झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा कागदावर लिहाव्यात आणि उरलेल्या जागेत प्रवास बसवावा.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाच-सहाला निघावे. मूल झोपेतच उचलून कार सीटमध्ये बसवले तर बहुतेक मुले सोलापूर महामार्गावरच्या चौफुला गावापर्यंत झोपतात. तिथे किंवा अलीकडे यवतला थांबून दूध, नाश्ता आणि डायपर बदलणे उरकावे. साडेसात-आठपर्यंत सुप्याला पोहोचल्यास दीड-दोन तास मिळतात. साडेनऊनंतर चिंकारे सावलीला बसतात आणि मुलाचाही रस संपत आलेला असतो, तेव्हा दोघांनाही मोकळे करावे. तिथून बारामतीमार्गे भिगवण साधारण साठ किलोमीटर आहे आणि हा टप्पा सकाळच्या डुलकीत निघून जातो. ज्या मुलाची सकाळची डुलकी सुटली आहे त्याला बारामतीत तासभर पाय मोकळे करू द्यावेत.

दुपारी मुक्कामाच्या ठिकाणी जेवण आणि पूर्ण झोप. या वेळात मोठ्यांना भिगवण गाव, पूल, काठ असे काही ना काही पाहावेसे वाटते. तो मोह टाळावा. चार-साडेचारला काठावर नेऊन मुलाला चिखल, होड्या, जाळी आणि बगळे मनसोक्त पाहू द्यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी नाव, नंतर नाश्ता, आणि दहा-साडेदहाला परतीचा रस्ता.

रस्ता कोणता धरावा?

पुणे-सोलापूर महामार्गाने हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत करत चौफुला गाठावा आणि तिथून उजवीकडे सुप्याचा फाटा घ्यावा. दुसरा रस्ता सासवड, जेजुरी, मोरगाव असा आहे. तो पाहायला देखणा आहे, पण घाट आणि वळणे असल्याने ज्या मुलाला गाडी लागते त्याला या वाटेने नेऊ नये. अंतर दोन्हीकडून पाऊणशे किलोमीटरच्या आसपासच पडते.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. या भागात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो, म्हणजे नेमका सहलीच्याच दिवसांत. उसाने खचाखच भरलेल्या, एकामागे एक जोडलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या दौंड, बारामती, इंदापूर, कर्जत या तालुक्यांतील रस्त्यांवर रात्रंदिवस असतात, आणि अनेकांना मागे दिवा नसतो. त्यामुळे अंधार पडल्यावर आतल्या रस्त्यांनी गाडी चालवूच नये. दिवसा मात्र तीच बैलजोडी मुलासाठी पर्वणी असते: शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळा, आणि गाडीच्या काचेपासून हातभर अंतरावर. दिवाळीनंतर चराईसाठी स्थलांतर करणाऱ्या धनगरांचे तांडे भेटले तर गाडी बाजूला घेऊन थांबावे. मेंढरांमागून येणाऱ्या घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या आणि मधूनच डोके काढणारे कोकरू, हे दृश्य कोणत्याही अभयारण्याच्या तोडीचे आहे.

कार सीट घ्यायलाच हवी का? आजीच्या मांडीवर मूल शांत बसते.

घ्यायलाच हवी. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा त्याच्या वयाच्या सुरक्षा आसनाशिवाय नेल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे, पण प्रश्न दंडाचा नाही. महामार्गाच्या वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली तर दहा-बारा किलोचे मूल कोणत्याही आजीच्या, किंवा पैलवानाच्याही, हातात राहू शकत नाही. मांडीवरच्या मुलाला आपलाच सीटबेल्ट गुंडाळणे तर त्याहून घातक आहे, कारण धक्क्याच्या वेळी मोठ्या माणसाचे सगळे वजन त्या पट्ट्यातून मुलावर येते.

दोन वर्षांपर्यंत, आणि आसनाच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर त्यानंतरही, मुलाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असावे. अशी सीट एअरबॅग असलेल्या पुढच्या आसनावर कधीही लावू नये. छातीवरचे पट्टे जाड स्वेटरवरून आवळू नयेत, कारण स्वेटर दबतो आणि पट्टा सैल पडतो. स्वेटर काढून पट्टे लावावेत आणि वरून शाल पांघरावी.

सवय नसलेले मूल पहिल्या दिवशी सीटमध्ये रडणार हे उघड आहे. त्यासाठी सहलीआधी दोन आठवडे दूध, भाजी, बाग अशा लहान फेऱ्यांना सीट वापरावी. आजीने शेजारी बसून हात धरावा; त्याने मांडीची उणीव बरीच भरून निघते. अभयारण्याच्या आत गाडी पायी चालण्याच्या वेगाने जात असते, म्हणून तिथे मुलाला मोकळे सोडण्याची इच्छा होते. पूर्ण थांबलेल्या गाडीत, इंजिन बंद असताना, ती मुभा द्यावी. चालत्या गाडीत नको.

मुलाला गाडी लागली तर काय करावे?

दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास सहसा होत नाही, त्यानंतर तो वाढतो. निघण्याआधी भरपेट दूध देऊ नये, थोडे आणि कोरडे खायला द्यावे. मोबाईलवरची चित्रफीत गाडी लागण्याचे हमखास कारण आहे, तेव्हा ती बंदच ठेवावी. काच थोडी उघडावी, मुलाचे लक्ष दूरच्या गोष्टींकडे वळवावे. उलटीवरील औषध बालरोगतज्ज्ञांनी वजनानुसार सांगितले असेल तरच द्यावे. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून देण्याची पद्धत धोक्याची आहे. आवळा सुपारी आणि आलेपाकाची वडी या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकते, म्हणून ती मोठ्यांनीच खावी.

वाटेत खायला काय न्यावे?

घरचेच. दशम्या या प्रवासासाठीच जन्माला आल्या आहेत: दुधात भिजवलेल्या असल्याने दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात आणि मुलाच्या हातात तुकडा दिला तरी गाडीभर चुरा होत नाही. तूप-गूळ लावलेली पोळी, केळी, उकडलेला बटाटा, मऊ भातासाठी मेतकूट आणि नाचणीचे सत्त्व एवढे असले की दोन दिवस निभतात. सत्त्व शिजवायला मुक्कामाच्या ठिकाणी कोणीही नाही म्हणत नाही.

शेंगदाणे, फुटाणे, चणे, मक्याच्या लाह्या आणि अख्खी द्राक्षे चार वर्षांखालील मुलाला गाडीत देऊ नयेत. एरवीही ती जपूनच द्यायची असतात, पण धावत्या गाडीत ठसका लागला तर मागे वळून पाहीपर्यंत उशीर होतो. मोठ्यांच्या हातातली फुटाण्यांची पुडी मुलाला दिसणार आणि ते मागणार, म्हणून ती पुडी घरीच ठेवलेली बरी.

भिगवण परिसर मासळीसाठी प्रसिद्ध आहे आणि कुंभारगावच्या बहुतेक घरगुती निवासांत ताज्या माशांचे जेवण मिळते. धरणातली चिलापी चवीला छान असली तरी मुलाला देताना काटे बोटांनी चाचपून काढावेत, तिखट रस्सा वेगळा ठेवायला आधीच सांगावे. पिण्याचे पाणी आपलेच असावे. जुलाब सुरू झाल्यास द्यायला ओआरएसची पाकिटे जवळ ठेवावीत आणि पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच ती विरघळवावीत. अर्ध्या पाण्यात अर्धे पाकीट असा अंदाज करू नये.

भिगवणला मुलाला नावेत बसवणे सुरक्षित आहे का?

काही अटी पाळल्या तर आहे. कुंभारगाव, डिकसळ अशा गावांतले स्थानिक मच्छीमार पर्यटकांना नावेतून पक्षी दाखवतात. त्यांना पाण्याची आणि पक्ष्यांच्या जागांची उत्तम जाण असते. मात्र नावेत मिळणारी जीवरक्षक जाकिटे मोठ्यांच्या मापाची असतात आणि दोन वर्षांचे मूल त्यातून खाली सरकते. म्हणून मुलाच्या वजनाचे, पायांमधून पट्टा जाणारे जाकीट स्वतः विकत घेऊन न्यावे आणि ते घरीच घालून पाहावे. खांद्यापाशी धरून उचलल्यावर जाकीट हनुवटीच्या वर सरकले नाही तर माप बरोबर आहे.

नाव फक्त आपल्या कुटुंबासाठी ठरवावी, म्हणजे हवे तेव्हा परत फिरता येते. मूल मधल्या फळीवर, एका मोठ्या माणसाच्या दोन पायांच्या मध्ये बसलेले असावे, आणि त्या माणसाकडे दुसरे कोणतेही काम, कॅमेऱ्याचे तर मुळीच, नसावे. वारा सुटला असेल तर जाऊ नये. पहाटे निघताना पाण्यावर धुके असते आणि गार वारा लागतो, त्यामुळे लहान मूल असल्यास सूर्य वर आल्यावर निघणे चांगले. पक्षी तेव्हाही असतात. मुलाला एक तास पुष्कळ होतो.

दिसते काय, तर रोहित उथळ पाण्यात ओळीने उभे असतात. दुरून ते गुलाबी नव्हे, जवळजवळ पांढरेच दिसतात आणि चित्रातला गुलाबी पक्षी शोधणारे मूल त्यांना ओळखत नाही. मान खाली घालून, डोके उलटे करून ते चोचीतून चिखलाचे पाणी गाळतात आणि त्यातले शेवाळ व बारीक जीव खातात. पिसांना रंगही याच खाण्यातून येतो. करड्या रंगाची असतात ती त्यांची लहान पिल्ले, हे सांगितले की मुले लगेच "बाळ" आणि "आई" शोधू लागतात. मग एखादी रांग उडते आणि पंखांखालचा लालभडक व काळा रंग एकदम उघडतो. नावाड्याला पैसे देऊन मुद्दाम थवा उडवायला सांगणारे पर्यटक असतात. तसे करू नये आणि कोणी केले तर विरोध करावा, कारण चरण्याची वेळ आणि ताकद दोन्ही वाया जाते. कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण टाकण्याचेही तसेच आहे. मुलाला ते करून पाहावेसे वाटेल, त्यामुळे फरसाण नावेत नेऊच नये.

याखेरीज डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, नारिंगी रंगाचे चक्रवाक आणि चित्रबलाक दिसतात. जवळच्या भादलवाडी तलावात पाणी असेल त्या वर्षी बाभळींवर चित्रबलाकांची घरटी असतात आणि ती काठावरून पाहता येतात. नावेची भीती वाटणाऱ्या मुलांसाठी ही सोय उत्तम.

मुक्काम कुठे आणि कसा निवडावा?

कुंभारगावचे घरगुती निवास पाण्याजवळ आहेत, त्यामुळे सकाळची धावपळ वाचते. ठरवण्यापूर्वी गरम पाणी, वीज गेल्यास पर्यायी सोय आणि दूध ठेवायला फ्रीज या तीन गोष्टी विचाराव्यात. काठावर संध्याकाळी डास पुष्कळ असतात. घडीची मच्छरदाणी घरून न्यावी, ती मलमापेक्षा भरवशाची.

अभयारण्यात मुलाला खाली उतरवता येईल का? साप किंवा बिबट्याची भीती आहे का?

ज्या जागी वनकर्मचारी परवानगी देतात तिथेच, आणि हात धरून. घोणस, फुरसे आणि नाग हे माळरानाचे रहिवासी आहेत, म्हणून गवतात मुलाला सोडू नये आणि पायात बंद बूट असावेत. थंडीत कुसळी गवत वाळते आणि त्याची कुसळे पायमोज्यांत घुसून आतल्या आत टोचत राहतात. मूल विनाकारण रडते आहे असे वाटले तर आधी मोजे उलटे करून पाहावेत. सर्पदंशाची शंका आली तर जखम कापू-चोखू नये, आवळून बांधू नये, दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णालय गाठावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. बिबटे उसाच्या पट्ट्यात असतात, त्यामुळे संध्याकाळनंतर शेताच्या बांधावर मुलाला फिरवू नये.

आणखी एक गोष्ट, जी प्राण्यांपेक्षा जास्त धोक्याची आहे: बंद गाडीत मुलाला एकटे ठेवू नये, "दोन मिनिटांत येतो" म्हणूनही नाही. उन्हात उभ्या गाडीतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकते.

वापरलेल्या डायपरचे काय करायचे?

बंद पिशवीत घालून पुण्याला परत आणायचे. माळावर टाकलेला डायपर कोल्ही-कुत्री फाडतात आणि गावांत त्याच्या विल्हेवाटीची सोय नसते.

याच सहलीत रेहेकुरीचे काळवीट पाहता येतील का?

एक मुक्काम वाढवला तर. रेहेकुरी अभयारण्य अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जतजवळ आहे. ते १९८० मध्ये घोषित झाले आणि २.१७ चौरस किलोमीटर एवढे छोटे आहे. काळवीट कळपाने राहतात, नर गडद आणि माद्या फिकट असतात, नराची पिळदार शिंगे दुरूनही दिसतात, त्यामुळे मुलाला दाखवायला ते चिंकाऱ्यापेक्षाही सोपे आहेत. कळप बिथरला की एकेक जण उंच उड्या घेत जातो. ते पाहताना मुले खिदळतात.

अडचण वेळेची आहे. भिगवणची नाव आटोपून राशीनमार्गे तिथे पोहोचेपर्यंत दुपार होते, काळवीट सावलीत असतात आणि मूल पेंगुळलेले असते. संध्याकाळपर्यंत थांबावे, तर परतीचा रस्ता अंधारात आणि उसाच्या ट्रॉल्यांमधून. म्हणून दोन दिवसांत सुपे आणि भिगवण एवढेच करावे. तिसरा दिवस असेल तर कर्जत परिसरात राहून सकाळी रेहेकुरी पाहावे.

आजी-आजोबांना सोबत न्यावे का?

जरूर. दोन दिवसांत आई-वडिलांना आळीपाळीने विश्रांती मिळते ती त्यांच्यामुळेच. त्यांचा कल देवदर्शनाकडे असेल तर मोरगावचा मयूरेश्वर सुप्याहून अगदी जवळ आहे, आणि रेहेकुरी केल्यास सिद्धटेक परतीच्या वाटेवर घेता येते. मात्र संकष्टी, अंगारकी आणि शनिवार-रविवारची दर्शनरांग मुलाला झेपत नाही. आजी-आजोबांना दर्शनाला पाठवून मुलाला बाहेर झाडाखाली खेळवणे, ही वाटणी आधीच ठरवून ठेवावी, म्हणजे मंदिराच्या दारात वाद होत नाही.

इतके करून काहीच दिसले नाही तर?

मोठ्यांनी हळहळ व्यक्त करू नये, एवढेच पथ्य. मुलाने बैल, मेंढ्या, टिटवी, होडी आणि चिखल पाहिलेला असतो आणि त्याच्या यादीत चिंकारा वरच्या क्रमांकावर असेलच असे नाही. तरीही मन मानत नसेल तर पुढच्या आठवड्यात कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहेच. ते बुधवारी बंद असते.

परतीला कधी निघावे?

रविवार असेल तर भिगवणहून उशिरात उशिरा अकराला. दुपारची झोप गाडीत होते, जेवणासाठी पाटसच्या आसपास थांबता येते आणि दोनच्या सुमारास घर गाठता येते. चारनंतर निघाल्यास लोणी काळभोरपासून हडपसरपर्यंतची कोंडी नेमकी मुलाच्या भुकेच्या वेळेला गाठते. तरीही उशीर झालाच, तर उरुळी कांचनच्या आधी थांबून मुलाला वरण-भात भरवून, कपडे बदलून आणि दात घासून मगच पुढे निघावे, म्हणजे घरी पोहोचल्यावर त्याला तसेच उचलून अंथरुणात ठेवता येते.